लहान मेंदूचे दोन गोलार्ध: आधी पाहा, मग वाट काढा, मग रुग्णाला हात लावा

नर्सिंग किंवा फिजिओथेरपीच्या पहिल्या वर्षाला एक वाक्य सगळ्यांच्या तोंडी बसते: मेंदूची डावी बाजू शरीराची उजवी बाजू चालवते. मोठ्या मेंदूपुरते ते खरे आहे. लहान मेंदूत मात्र उजव्या गोलार्धाला इजा झाली की उजवाच हात चुकतो आणि उजवाच पाय भरकटतो. ही गोष्ट अपवाद म्हणून पाठ केली तर परीक्षेपुरती टिकते. वॉर्डात रुग्णापुढे उभे राहिल्यावर डावे-उजवे पुन्हा गडबडते. त्यामुळे पाठांतर बाजूला ठेवून लहान मेंदूची वाट स्वतःच्या हाताने एकदा काढावी, असे माझे ठाम मत आहे. पुढचा सगळा लेख त्यासाठीच आहे.

गोव्यात फोंडा, डिचोली, पेडणे, सत्तरीतल्या मराठी प्राथमिक शाळांतून शिकून पुढे शरीररचना इंग्रजीतून शिकणारी मुले-मुली डोळ्यांपुढे ठेवून हे लिहिले आहे. घरात असा रुग्ण असलेल्यांनी थेट शेवटचे दोन भाग वाचले तरी चालेल. साहित्य फारसे लागत नाही. एक वही, दोन रंगांच्या पेन्सिली, तपासून घ्यायला एक जोडीदार, आणि चालत असेल तर बोकडाचा भेजा.

पायरी १: स्वतःच्या डोक्यावर जागा शोधा

डोक्याच्या मागे मधोमध बोट फिरवा. मानेच्या वर हाडाचा एक उंचवटा लागतो. साधारण त्याच्या खाली, कवटीच्या तळाशी मागच्या खोलगट भागात लहान मेंदू बसलेला असतो. वर मोठ्या मेंदूचा मागचा भाग आणि खाली हा, अशी या दोघांमध्ये कडक पडद्याची एक आडवी कनात असते. समोर मेंदूस्तंभ, म्हणजे त्याचे पॉन्स आणि मेड्युला हे भाग. मेंदूस्तंभ आणि लहान मेंदू यांच्यामध्ये पाण्याची चौथी पोकळी असते. ती आत्ताच लक्षात ठेवा, शेवटी जिवाशी गाठ तिच्यामुळेच पडते.

प्रौढ माणसाच्या लहान मेंदूचे वजन साधारण १५० ग्रॅम भरते, म्हणजे संपूर्ण मेंदूच्या एक-दशांशाच्या आसपास. पेशींची मोजणी मात्र वेगळेच सांगते. २००९ साली ब्राझीलमधल्या संशोधकांनी माणसाच्या मेंदूतल्या चेतापेशी मोजल्या, तेव्हा एकूण सुमारे ८६ अब्ज पेशींपैकी ६९ अब्ज लहान मेंदूत निघाल्या. नाव लहान असले तरी मेंदूतली सर्वांत दाट वस्ती इथे आहे.

पायरी २: भेजा हातात घ्या

पुस्तकातले चित्र सपाट असते, आणि लहान मेंदू सपाट चित्रातून कळत नाही. म्हापशाच्या किंवा फोंड्याच्या बाजारात खाटकाकडे बोकडाचा भेजा मिळतो. मुंडी उभी चिरली की भेजाही मधोमध चिरला जातो, तेव्हा शक्य असेल तर अख्खा काढून द्यायला सांगा. मागचा छोटा, बारीक रेषांचा गोळा तुटू देऊ नका, हेही सांगा, कारण आपल्याला तोच हवा आहे. कच्चा भेजा लिबलिबीत असतो आणि सुरी लावताच पसरतो. मिठाच्या उकळत्या पाण्यात काही मिनिटे ठेवला की घट्ट होतो. हातमोजे घाला, सुरी आणि पाट वेगळे ठेवा आणि हा भेजा परत स्वयंपाकात घेऊ नका.

आधी न कापता नीट पाहा. मोठ्या मेंदूवरच्या वळ्या जाड आणि वेड्यावाकड्या असतात. लहान मेंदूवर मात्र साडीच्या निऱ्यांसारख्या बारीक, एकमेकींना चिकटलेल्या आडव्या घड्या दिसतात. माणसाच्या लहान मेंदूच्या या घड्या पूर्ण उलगडल्या तर त्यांचे क्षेत्रफळ मोठ्या मेंदूच्या पृष्ठभागाच्या तीन-चतुर्थांशाहून थोडे जास्त भरते. एवढेसे वजन आणि एवढी मोठी जागा, ही किमया घड्यांची आहे.

आता मधला उभा पट्टा ओळखा. तो व्हर्मिस. त्याच्या दोन्ही बाजूंना गोलार्ध. बोकडात व्हर्मिस ठळक असतो आणि गोलार्ध बेताचे. माणसात उलट, गोलार्ध एवढे वाढले आहेत की व्हर्मिस त्यांच्यामध्ये दबून जातो. हा फरक नीट मनात ठसवून घ्या. चार पायांवर तोल सांभाळणाऱ्या प्राण्याला मधला पट्टा जास्त लागतो. बोटांनी सुई ओवणाऱ्या आणि जिभेने शब्द घडवणाऱ्या माणसाला बाजूचे गोलार्ध लागतात. रचना आणि काम यांचे नाते इतके उघड दिसण्याची जागा शरीरात क्वचितच सापडते.

मग बरोबर मधून उभा छेद घ्या. आत पांढऱ्या फांद्यांचे झाड दिसेल. शरीरशास्त्रज्ञांनी त्याला जीवनवृक्ष असे नाव दिले आहे. पांढरे ते चेतातंतू आणि फांद्यांच्या कडेने गेलेला करडा थर म्हणजे लहान मेंदूचे कवच.

पायरी ३: कवचाचे तीन थर आणि पोटातल्या गाठी

हे डोळ्यांना दिसत नाही, सूक्ष्मदर्शक लागतो. म्हणून थोडक्यात सांगते. बाहेरचा थर मुख्यतः तंतूंचा, आतला अगदी बारीक दाणेदार पेशींचा, आणि मध्ये मोठ्या पेशींची एकेरी रांग. बोहेमियाचे यान पुर्किन्ये यांनी १८३७ साली या पेशींचे वर्णन केले, म्हणून त्या पर्किंजी पेशी.

पर्किंजी पेशीकडे दोन वाटांनी बातमी येते. दाणेदार पेशींचे समांतर तंतू तिच्या पसरट फांद्यांतून जातात आणि एका पेशीला लाखाहून अधिक जोडण्या देतात. दुसरा तंतू मेड्युलातल्या ऑलिव्ह नावाच्या, चेतापेशींच्या गाठीतून येतो. तो एका पेशीसाठी एकच असतो, पण तिच्या फांद्यांना वेलासारखा वेढा घालतो आणि त्याचा झटका जोरदार असतो. पहिल्या वाटेने ‘आत्ता काय चालले आहे’ हे कळते आणि दुसऱ्या वाटेने ‘चूक झाली’ अशी खूण मिळते, असा सिद्धान्त डेव्हिड मार यांनी १९६९ मध्ये आणि जेम्स आल्बस यांनी १९७१ मध्ये मांडला. त्याच्या तपशिलांवर अजून वाद चालू आहेत. शिकण्याचा पाया म्हणून मात्र तो पक्का धरायला हरकत नाही.

कवचातून बाहेर जाणारी एकमेव वाट पर्किंजी पेशींची आहे, आणि त्या पेशी फक्त आवर घालतात. चालना देत नाहीत. आवर कोणाला, तर पांढऱ्या भागाच्या पोटात असलेल्या गाठींना. दोन्ही बाजूंना अशा चार-चार गाठी असतात आणि त्यांतली सर्वांत मोठी, सर्वांत बाहेरची, कंगोरेदार पिशवीच्या आकाराची गाठ म्हणजे डेंटेट. गोलार्धाचा बाहेरचा भाग तिच्याशी बोलतो, आणि ती मोठ्या मेंदूशी.

पायरी ४: वाट काढा

या लेखातले सर्वांत महत्त्वाचे काम हेच आहे. वहीच्या पानावर मधोमध उभी रेघ मारा. वर मोठा मेंदू, त्याखाली थॅलॅमस, मग मध्यमेंदू, पॉन्स, मेड्युला आणि तळाशी मज्जारज्जू, अशी नावे रेघेवर लिहा. पॉन्सच्या पातळीवर दोन्ही बाजूंना लहान मेंदूचा एकेक गोलार्ध काढा आणि पेन्सिल उजव्या गोलार्धावर ठेवा.

लाल रंगाने जाणारी वाट. उजव्या गोलार्धातून उजव्या डेंटेटमध्ये या. लहान मेंदू मेंदूस्तंभाला तंतूंच्या तीन जुड्यांनी, म्हणजे दांड्यांनी जोडलेला असतो; तिथून वरच्या दांड्याने मध्यमेंदूत जा. इथे रेघ ओलांडा, डावीकडे. डाव्या थॅलॅमसमध्ये, तिथून मोठ्या मेंदूच्या डाव्या हालचाल-क्षेत्रात. आता त्या क्षेत्रातून खाली या. मेड्युलाच्या तळाशी रेघ पुन्हा ओलांडा, उजवीकडे. मज्जारज्जूतून उजव्या हाताला पोचा.

वाटेने दोनदा बाजू बदलली आणि ती पहिल्याच बाजूला परतली. उजवा गोलार्ध आणि उजवा हात यांचे नाते एवढ्याने उलगडते.

निळ्या रंगाने परत येणारी वाट. मोठ्या मेंदूच्या डाव्या बाजूने हुकूम काढला की त्याची नक्कल डाव्या पॉन्समध्ये उतरते. तिथून तंतू रेघ ओलांडतात आणि मधल्या दांड्याने उजव्या गोलार्धात शिरतात. हा मधला दांडा तिन्हींत सर्वांत जाड असतो आणि त्यातून फक्त आत येणारी वाहतूक चालते. खालच्या दांड्याने मज्जारज्जू, ऑलिव्ह आणि आतल्या कानाच्या तोलयंत्रणेकडून बातम्या येतात. म्हणजे गोलार्धाकडे हुकमाची नक्कलही असते आणि हात-पाय प्रत्यक्षात कुठे आहेत याची खबरही पोचते. दोन्ही ताडून पाहायची आणि हालचाल चालू असतानाच दुरुस्ती पाठवायची, हे त्याचे काम. ताकद तो देत नाही. म्हणून निव्वळ लहान मेंदूच्या आजारात हात लुळा पडत नाही, हात चुकतो.

वाट न पाहता सलग तीनदा काढता आली, की पुढे जा. नाही आली तर पुढची पायरी वाचण्यात अर्थ नाही.

पायरी ५: तीन पट्टे, तीन कामे

मधला व्हर्मिस धड सांभाळतो. त्याच्या दोन्ही कडांना लागून असलेला गोलार्धाचा आतला पट्टा हात-पायांची चालू हालचाल सुधारतो. गोलार्धाचा बाहेरचा मोठा भाग हालचाल सुरू होण्याआधीच तिची आखणी आणि वेळ बसवतो. या तीन पट्ट्यांशिवाय तळाशी असलेला छोटा खंड डोळे आणि तोल यांच्याशी बांधलेला आहे.

बाहेरच्या भागाचे काम समजून घ्यायचे तर चतुर्थीच्या आरतीला घुमट हे मातीचे वाद्य वाजवणाऱ्याचे हात पाहा. एक हात चामड्यावर थाप मारतो. दुसरा मातीच्या भांड्याच्या उघड्या तोंडावर झाकतो-उघडतो आणि नाद बदलतो. दोन हातांची कामे वेगळी, क्षण वेगळे, आणि साथीच्या शामेळ-कासाळ्यांच्या चालीत दोन्ही बरोबर बसायला हवेत. ध्वनी ऐकून मग हात हलवला तर थाप उशिराच पडेल. म्हणून पुढच्या थापेचा अंदाज आधीच बांधावा लागतो. नव्याने शिकणाऱ्या मुलाला प्रत्येक बोटाकडे लक्ष द्यावे लागते. सरावाने ते लक्ष सुटते आणि गाणे तोंडी, ताल हाती राहतो. ही मुभा गोलार्धांमुळे मिळते.

ती हिरावली गेली की काय होते, हे ब्रिटिश चेताविकारतज्ज्ञ गॉर्डन होम्स यांनी पहिल्या महायुद्धात डोक्याच्या मागे गोळ्या लागलेल्या सैनिकांत पाहिले आणि १९१७ मध्ये त्याचे वर्णन प्रसिद्ध केले. उजव्या बाजूला इजा झालेल्या त्यांच्या एका रुग्णाने सांगितले होते की डाव्या हाताच्या हालचाली नकळत होतात, उजव्या हाताची मात्र प्रत्येक हालचाल विचार करून करावी लागते. लहान मेंदूचे याहून नेमके वर्णन माझ्या वाचनात नाही.

गोलार्धांचे काम हालचालीपुरतेच आहे, ही समजूतही आता सोडायला हवी. जेरेमी श्माहमान आणि जॅनेट शर्मन यांनी १९९८ मध्ये दाखवले की लहान मेंदूच्या मागच्या खंडाला इजा झालेल्या रुग्णांत नियोजन, जागेचे भान, भाषा आणि भावना यांतही बदल होतात. भाषा बहुतेकांत मोठ्या मेंदूच्या डाव्या बाजूला असते, तेव्हा तिच्याशी जोडलेला लहान मेंदूचा भाग उजव्या गोलार्धात सापडतो. पायरी ४ मधली निळी रेघ पाहिलीत तर यात नवल वाटणार नाही. म्हणून हात सुधारला तरी रुग्ण हिशेबात अडखळतो किंवा चिडचिडा झाला आहे असे घरचे सांगत असतील, तर ते नोंदवून घ्या.

पायरी ६: तपासणी, आधी जोडीदारावर

निरोगी माणसाच्या हालचाली पुरेशा पाहिल्याशिवाय बिघाड ओळखता येत नाही. डाव्या हाताला सवय नसल्याने तो निरोगी माणसातही थोडा मंद असतो, हे जोडीदारावरच कळेल.

सुरुवात बोट-नाकाने. तुमचे बोट समोरच्याचा हात पूर्ण ताणला जाईल एवढ्या अंतरावर धरा. ही एक गोष्ट बहुतेक जण चुकवतात. बोट जवळ धरले तर कोपर वाकलेला राहतो आणि दोष लपतो. प्रत्येक खेपेला बोटाची जागा बदला. तीन गोष्टी पाहा: बोट पुढे जाऊन चुकते का, अलीकडेच थांबते का, आणि लक्ष्याजवळ येताना थरथर वाढते का. हात मांडीवर निवांत असताना थरथर आणि हलवताना कमी, असे असेल तर ते लहान मेंदूचे लक्षण नव्हे.

सूचना रुग्णाच्या भाषेत द्या. आपल्याकडे बरेच रुग्ण कोकणीत विचार करतात. घाबरलेल्या वयस्कर माणसाला पुस्तकी मराठी समजायला एक क्षण जास्त लागतो आणि तो उशीर तुम्ही आजार म्हणून नोंदवून बसाल. ‘बाब, तुमचें बोट म्हज्या बोटाक लायात, मागीर तुमच्या नाकाक लायात,’ एवढे पुरते. मराठी बोलणाऱ्याला ‘काका, माझ्या बोटाला बोट लावा, मग नाकाला लावा.’ एकदा करून दाखवा.

दुसरी चाचणी तळहाताची. एका तळव्यावर दुसऱ्या हाताची पालथी-सुलटी थाप भराभर मारायला सांगा. गोलार्ध बिघडला असेल तर वेग कमी होतोच, पण ताल मोडणे ही त्याहून मोठी खूण. कान उघडे ठेवा, थापांच्या आवाजातूनच ते कळते.

मग रुग्णाला आडवे करून एका पायाची टाच दुसऱ्या गुडघ्यावर ठेवायला आणि नडगीवरून घोट्यापर्यंत सरळ घसरवायला सांगा. टाच डावी-उजवीकडे सटकत असेल तर नोंद करा.

चौथी चाचणी सुटलेल्या हाताची. रुग्ण कोपर वाकवून हात स्वतःकडे ओढतो, तुम्ही मनगट धरून विरोध करता आणि अचानक सोडता. निरोगी हात तत्क्षणी थांबतो. बिघडलेला हात थेट तोंडावर आदळू शकतो, म्हणून तुमचा दुसरा हात रुग्णाच्या चेहऱ्यापुढे आडवा हवाच. याबाबत हयगय नको.

बोलणे ऐका. ‘कच्चा पापड, पक्का पापड’ चार-पाच वेळा म्हणायला सांगा. अक्षरे तुटक, एकसारख्या वजनाने येतात का? डोळे बाजूला वळवायला लावून बुबुळांचे हेलकावे पाहा. एका गोलार्धाच्या आजारात ते सहसा त्याच बाजूला पाहताना ठळक होतात. शेवटी चाल. पाय फाकवून चालणे, टाचेला बोटे लावून सरळ रेषेत चालता न येणे, एका बाजूला झुकणे. रुग्णाच्या शेजारी हाताच्या अंतरावर राहा.

इथे दोन सापळे आहेत. पहिला, डोळे मिटल्यावरच तोल जात असेल तर दोष बहुधा पायांकडून येणाऱ्या संवेदनेचा असतो. लहान मेंदूचा रुग्ण डोळे उघडे असतानाही डुलतो. दुसरा, अशक्त हातही नाकापर्यंत नीट जात नाही. म्हणून ताकद आधी तपासा. अशक्तपणा आणि हालचालीतला गोंधळ दोन्ही एकाच बाजूला असतील तर दोष पॉन्समध्ये, तोही विरुद्ध बाजूला, असू शकतो.

धड डुलते, चाल बिघडली आहे, पण हात जवळजवळ नीट आहेत, असे चित्र दिसले तर व्हर्मिसचा विचार करा. वर्षानुवर्षे दारू पिणाऱ्यांत व्हर्मिसचा वरचा-पुढचा भाग झिजतो, आणि म्हणून पाय आधी जातात. फिट्ससाठीच्या फेनिटॉइन गोळ्यांचे प्रमाण वाढले तरी डोळे, चाल, बोलणे असेच बिघडते. औषधांची पिशवी पाहिल्याशिवाय तपासणी पूर्ण मानू नका.

पायरी ७: एमआरआयचे चित्र

चित्रात रुग्णाची उजवी बाजू तुमच्या डाव्या हाताला असते, जणू तुम्ही त्याच्या पायांकडून वर पाहता आहात. खालच्या कापांपासून सुरुवात करा, चौथ्या पोकळीचा आकार आणि ती मधोमध आहे का हे पाहा, मग दोन्ही गोलार्धांची तुलना करा. रक्तपुरवठा तीन धमन्यांचा. खालच्या पृष्ठभागाला मागची-खालची, मधल्या दांड्याला पुढची-खालची, वरच्या पृष्ठभागाला वरची. पुढच्या-खालच्या धमनीचीच शाखा बहुधा आतल्या कानाला जाते, म्हणून चक्कर येऊन एका कानाने अचानक ऐकू येईनासे झाले तर ते कानाचे दुखणे म्हणून सोडून देऊ नये. सीटी स्कॅनमध्ये या भागातला ताजा झटका (स्ट्रोक) सहज निसटतो. सीटी ‘नॉर्मल’ आला म्हणजे धोका टळला, असे रुग्णाच्या घरच्यांना सांगू नका.

घरच्यांनी ओळखायची वेळ

लहान मेंदूच्या झटक्यात तोंड वाकडे होईलच असे नाही, हात लुळा पडेलच असेही नाही. अचानक गरगरणे, सतत उलट्या, डोक्याच्या मागे तीव्र दुखणे, दोन-दोन दिसणे, जीभ जड होणे, आणि आधाराशिवाय उभेच राहता न येणे, ही लक्षणे असतात. जत्रेच्या रात्री किंवा लग्नघरात असा माणूस झोकांडी खाऊन पडला की लोक प्यायला म्हणून त्याला कोपऱ्यात झोपवतात. हे होऊ देऊ नका. खरोखर दोन पेग घेतलेल्या माणसालाही झटका येऊ शकतो.

पित्त झाले असेल, झोपून बरे वाटेल, असे म्हणत थांबू नका. गुठळी विरघळवणारे औषध सहसा लक्षणे सुरू झाल्यापासून साडेचार तासांच्या आतच देता येते. काणकोण किंवा वाळपईच्या आतल्या वाड्यांवरून बांबोळीच्या गोमेकॉत (गोवा मेडिकल कॉलेजात) पोचायलाच बराच वेळ जातो, तेव्हा घरातला अर्धा तासही जास्त आहे. तोंडाने पाणी किंवा गोळी देऊ नका, गिळताना श्वासनलिकेत जाऊ शकते. कुशीवर निजवा.

पहिले तीन-चार दिवस सर्वांत जोखमीचे. मोठ्या झटक्यानंतर गोलार्ध सुजतो आणि मागची जागा अरुंद असल्याने चौथी पोकळी दाबली जाते. पाण्याची वाट अडते, मेंदूस्तंभावर दाब येतो. काल बोलणारा रुग्ण आज झोपाळू वाटला तर ‘दमलाय, झोपू दे’ असे म्हणू नका. नर्सला लगेच हाक मारा. वेळेवर शस्त्रक्रिया करून दाब कमी केला तर अशा रुग्णांतले बरेच जण पुढे चांगले सावरतात.

१०८ ला फोन करताना चार गोष्टी तयार ठेवा. माणूस शेवटचा ठणठणीत कधी दिसला ती वेळ, रक्त पातळ करण्याची गोळी चालू आहे का, साखर आणि दाबाची औषधे कोणती, आणि घराजवळची ओळखीची खूण: देऊळ, तिठा किंवा पंचायत कार्यालय. औषधांची पिशवी रुग्णासोबत द्या, आणि ती वेळ एका कागदावर लिहून पिशवीतच ठेवा.